अभिप्राय घ्यायचा, पण कोणाचा? बटण, फोन, घरोघर पाहणी आणि शेजारी बसून पाहणं

एखाद्या सरकारी कार्यालयाने लोकांना आपली सेवा कशी वाटते ते विचारायचं ठरवलं, की पहिली बैठक प्रश्नावलीवरच खर्ची पडते. प्रश्न किती, तारे तीन की पाच, ॲप कोणतं. विचारायचं कोणाला, हे ठरवायचं मात्र राहून जातं. काम होऊन बाहेर पडलेला माणूस आणि चार हेलपाटे घालून अर्जाचा नाद सोडलेला माणूस, दोघांनीही तीच सेवा अनुभवलेली असते. बहुतेक सर्वेक्षणांत साक्ष नोंदवली जाते ती पहिल्याची. म्हणून खालच्या चारही पद्धती मी याच एका प्रश्नावर घासून पाहिल्या आहेत: दुसरा माणूस हिच्यात सापडतो का?

ही काही माझ्या पदरची कसोटी नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ११ सप्टेंबर १९९३ रोजी काढलेल्या १२८६२ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने संघीय खात्यांना ग्राहकांची पाहणी करायला सांगितलं. त्यात ग्राहक म्हणजे ज्यांना सेवा मिळते ते, आणि ज्यांना ती मिळायला हवी तेही. शिवाय खिडकीमागे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही विचारा, चांगली सेवा देताना तुम्हाला अडतं कुठे, असंही त्यात होतं. हा दुसरा भाग आजही फार थोड्या ठिकाणी पाळला जातो.

खिडकीवरचं बटण, मोबाइलवरचे तारे

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत लोकप्रिय. हसरा चेहरा, रडका चेहरा, किंवा काम झाल्याबरोबर येणारा एसएमएस. आकडा लगेच दिसतो, दिवसागणिक दिसतो. सोमवारी सकाळी अकराला सर्व्हर बंद पडला तर दुपारपर्यंत लाल चेहऱ्यांची संख्या वाढलेली असते. रोजची नाडी बघायला एवढं पुरतं.

पण बटण दाबणारा माणूस कुठे उभा असतो ते बघा. यंत्र खिडकीला लागून. पलीकडे कर्मचारी, त्याच्या हातात याच माणसाची कागदपत्रं, शिक्का अजून मारायचा आहे. “तेवढं बटण दाबा,” असं तो म्हणतो, आणि माणूस बोट उचलण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तिथे जो आकडा नोंदवला जातो तो सेवेबद्दलचा राहत नाही, शिक्क्याबद्दलचा होतो. यंत्र बाहेरच्या दाराजवळ, कोणत्याही खिडकीतून दिसणार नाही असं हलवलं तरी उत्तरांत फरक पडू शकतो. हा बदल फुकटात होतो, म्हणून आधी तो करा.

एसएमएसची अडचण वेगळी. तो बहुधा काम ‘पूर्ण’ झाल्यावर सुटतो. ज्याचा अर्ज अडकला किंवा परत गेला त्याला तो जातच नाही. म्हणजे दुसरा माणूस इथे मुळातच वगळलेला आहे. आणि याच ताऱ्यांवर कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल ठरू लागला, तर महिन्याभरात सगळ्या खिडक्या पंचतारांकित होतात. त्यानंतर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

नोंदवहीतून नंबर काढून फोन

माझा कल या पद्धतीकडे आहे, आणि तो मी लपवत नाही.

पाकिस्तानातल्या झंग जिल्ह्याचे प्रशासकीय प्रमुख झुबेर भट्टी यांनी २००८च्या सुमारास एक साधी गोष्ट केली. जमीन नोंदणीसारख्या व्यवहारांच्या कागदांवर लोकांचे मोबाइल नंबर लिहून घ्यायला लावले आणि त्यांतले काही स्वतः फिरवले. काम झालं का, कोणी पैसे मागितले का, एवढंच विचारायचं. साहेब कोणालाही फोन करू शकतात, हे खालपर्यंत कळणं हाच त्यातला मोठा भाग होता. पुढे पंजाब प्रांताच्या सरकारने हीच कल्पना प्रांतभर नेली. आधी मुख्यमंत्र्यांच्या आवाजातला ध्वनिमुद्रित फोन जायचा, मग एसएमएस.

या पद्धतीचं बळ यादीत आहे. कार्यालयाकडे प्रत्येक अर्जाची नोंद असते: मंजूर, नामंजूर, प्रलंबित, त्रुटीसाठी परत. समजा महिन्याला २,००० अर्ज येतात. त्यांतले १,२०० मंजूर, ३०० नामंजूर, ५०० अडकलेले. नोंदवहीतला प्रत्येक विसावा नंबर घेतला तर शंभर नावं होतात आणि त्यांत नामंजूर व अडकलेले मिळून चाळीसच्या आसपास आपसूक येतात. बटणासमोर हे चाळीस जण कधीच आले नसते. रोज पंधरा फोन धरले तर एका माणसाचं सात दिवसांचं काम. जे उचलत नाहीत त्यांना वेगळ्या वेळी पुन्हा दोन-तीनदा लावायचं, नाहीतर भर दुपारी मोकळे असणाऱ्यांचंच मत जमा होतं.

शंभरावर फार भिस्त ठेवू नये, हेही खरं. यादृच्छिक निवडलेल्या शंभर उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीत दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते. चारशेला ती पाचवर येते. गेल्या महिन्यात ६४ टक्के समाधानी होते आणि या महिन्यात ६९ झाले म्हणून शंभर फोनांच्या जोरावर अभिनंदनाचं पत्र काढलं तर ते हवेवर काढलेलं पत्र. पण शंभरांतल्या तीस जणांनी तोच एक दाखला मागताना परत पाठवल्याचं सांगितलं, तर उपाय करायला तेवढं पुरेसं आहे.

दोन गोष्टी जपायला हव्यात. फोन करणारा त्या खिडकीवरचा किंवा त्याच्या ओळखीतला नसावा. आणि आता फसवणुकीचे फोन इतके येतात की ‘सरकारी कार्यालयातून बोलतोय’ म्हटल्यावर माणूस सावध होतो, ते योग्यच आहे. म्हणून अर्ज घेतानाच पोचपावतीवर छापावं की या नंबरवरून फोन येऊ शकतो, त्यात ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही विचारली जाणार नाही.

घरोघर पाहणी

ज्याने अर्जच केला नाही, त्याचं नाव नोंदवहीतही नसतं. कुणाला योजना ठाऊक नसते, कुणाला दलालाशिवाय काम होणारच नाही असं वाटत असतं. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर उंबरठ्यापर्यंत जावं लागतं.

याचं नावाजलेलं उदाहरण बंगळूरचं आहे. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये त्या शहरातल्या सार्वजनिक सेवांचं पहिलं नागरिक प्रगतिपुस्तक प्रसिद्ध झालं. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका अशा संस्थांबद्दल नागरिकांना विचारलं होतं: कितीदा जावं लागलं, कर्मचारी कसे वागले, अडचण सुटली का, लाच द्यावी लागली का. हेच पुस्तक १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा काढलं. मला यातला कालावधी महत्त्वाचा वाटतो. पहिल्या पुस्तकानंतर चटकन काही बदललं नाही. ठळक सुधारणा दिसली ती तिसऱ्यात, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी. संस्था शेजारीशेजारी छापल्या गेल्या आणि पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, म्हणून तो दबाव टिकला.

खर्च मोठा, वेळ महिन्यांचा, प्रशिक्षित माणसं लागतात. एखाद्या कार्यालयाने एकट्याने हे करू नये. अनेक खात्यांनी मिळून, बाहेरच्या संस्थेकडून, दोन-तीन वर्षांतून एकदा करावं.

इथे एक मोह टाळायला हवा: ‘एवढा खर्च कशाला, ऑनलाइन लिंक टाकू, लाखभर लोक भरतील.’ १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या होत्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरीही अंदाज उलटा ठरला. लँडन जिंकतील म्हटलं होतं, जिंकले रूझवेल्ट. आपणहून उत्तर देणाऱ्यांचा ढीग कितीही उंच झाला तरी गप्प राहिलेल्यांचं मत त्यात उतरत नाही.

शेजारी बसून पाहणं

याला कोणी सर्वेक्षण म्हणत नाही, म्हणून तुलनेतून ते सुटतं. आठ-दहा जणांच्या शेजारी बसायचं, त्यांना अर्ज भरू द्यायचा आणि मध्ये बोलायचं नाही.

ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या एखाद्या बाई डोळ्यांसमोर आणा. नाव भरलं, पत्ता भरला, बोट ‘अर्जदाराशी नातं’ या रकान्यावर येऊन थांबतं. अर्ज त्यांचा स्वतःचाच आहे. यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, इतर, ‘स्वतः’ नाही. त्या ‘इतर’ निवडतात, मग खाली ‘तपशील द्या’ उघडतं, तिथे काय लिहायचं ते सुचत नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. बाई शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारायला उठतात. कोणत्याही ताऱ्यांच्या सर्वेक्षणात हे उमटणार नाही. फार तर ‘प्रक्रिया किचकट वाटली’ एवढं येईल. दुरुस्तीला मात्र एक शब्द पुरतो.

इथून टक्केवारी मिळत नाही, ती काढूही नये.

तक्रारवहीबद्दल थोडक्यात: ती वाचा, पण मोजू नका. तक्रारी कमी असणं म्हणजे लोक खूश असणं नव्हे. कामासाठी पुन्हा त्याच टेबलाशी यायचं असलेला माणूस तक्रार करायला कचरतो.

प्रश्न कोणते

पद्धत कोणतीही घ्या, घडलेलं विचारा. ‘सेवा जलद व सौजन्यपूर्ण होती का?’ यात दोन प्रश्न आहेत, आणि उशिरा पण प्रेमाने काम झालेल्याने काय उत्तर द्यायचं? ‘किती वेळा यावं लागलं?’, ‘पहिल्या खेपेला कागदांची पूर्ण यादी मिळाली का?’ यांची उत्तरं आकड्यात किंवा हो-नाहीत येतात, आणि काय दुरुस्त करायचं तेही सांगतात.

खासगी कंपन्यांचे प्रश्न तसेच उचलू नयेत. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१३ पासून रुग्णांना विचारायला सुरुवात केली की ही सेवा तुम्ही मित्रांना, कुटुंबीयांना सुचवाल का. शेजारी दुसरा पर्यायच नसलेल्या रुग्णालयाची शिफारस कोणाला करायची? २०२० मध्ये प्रश्न बदलला: एकंदर अनुभव कसा होता? कॅनडात १९९८च्या ‘सिटिझन्स फर्स्ट’ पाहणीने समाधान ठरवणाऱ्या पाच गोष्टी पुढे आणल्या: वेळेत होणं, कर्मचाऱ्याला कामाची माहिती असणं, सौजन्य, न्याय्य वागणूक आणि शेवटी काम होणं. पाचच प्रश्न विचारायचे असतील तर या पाचांपासून सुरुवात करा.

तर मग काय घ्यावं

अर्ज किंवा संकेतस्थळ बदलायचं असेल तर शेजारी बसा, आठवड्यात हाती काही लागेल. विलंब आणि लाच शोधायची असेल तर फोन. निधी कोणत्या सेवेला, कोणत्या भागाला द्यायचा हा प्रश्न असेल तर घरोघर पाहणीला तोड नाही. बटण सगळ्यांत शेवटी, तेही दाराजवळ.

ज्याच्या हातात नियम किंवा अर्ज बदलण्याचा अधिकार आहे असा कोणी बैठकीत नसेल, तर थांबा. लोकांनी वेळ काढून सांगितलं आणि काहीच हललं नाही, तर पुढच्या खेपेला ते सांगणार नाहीत.

आणि हाताशी एकच कर्मचारी, एकच फोन असेल, तर ‘त्रुटीपूर्तता न केल्याने निकाली’ असा शेरा मारून बंद केलेल्या अर्जांपासून सुरुवात करा. कागदावर ही कामं संपलेली असतात, वेळेत निपटारा झाला म्हणून ती यशातही धरली जातात. त्यांतल्या पहिल्या वीस जणांना एवढंच विचारा: “त्रुटीचं पत्र तुम्हाला मिळालं होतं का?”