निकॉन झेड ८: पाणपक्षी, काळवीट आणि कबड्डीसोबतचे पहिले पाच आठवडे

पाच आठवड्यांपूर्वी मी निकॉन झेड ८ हा कॅमेरा आणि त्याच्या जोडीला त्याच कंपनीची १८०-६०० मि.मी. एफ/५.६-६.३ ही लेन्स घेतली. हा कॅमेरा मे २०२३ मध्ये बाजारात आला, त्यामुळे तो नवा म्हणायचा तो माझ्यापुरताच. त्याआधीची सात वर्षे निकॉनचाच डी५०० हा आरशाचा कॅमेरा आणि २००-५०० मि.मी. लेन्स माझ्या हातात होती. नाशिक परिसरात पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या अनेकांकडे आजही हीच जोडी दिसते, म्हणून पुढचे सगळे लिखाण प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: हा कॅमेरा फार क्वचित चुकतो. चित्र बिघडलेच, तर दोष बहुतेक वेळा हवेचा, दिव्यांचा किंवा माझा निघाला, आणि तो नेमका कोणाचा हे ओळखण्यातच माझे बरेचसे दिवस गेले.

झेड ८ मध्ये यांत्रिक शटर मुळीच नाही. सेन्सरवरची माहिती सुमारे १/२७० सेकंदात वाचून होते, आणि या वेगामुळेच शटरच्या पडद्याची गरज उरत नाही. साध्या सेन्सरला याच कामाला कित्येक पट अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात पक्ष्याचा पंख किंवा फलंदाजाची बॅट पुढे सरकलेली असल्यामुळे चित्रात ती वाकडी उमटते. हे टाळण्यासाठी येथे सेन्सरच्या मागे स्मृतीचा थर जोडलेला आहे. ४५.७ मेगापिक्सेलचा हाच सेन्सर २०२१ मध्ये आलेल्या झेड ९ या मोठ्या भावंडात आहे, मात्र तो कॅमेरा १,३४० ग्रॅमचा आणि हा बॅटरी-कार्डासह ९१० ग्रॅमचा. डी५०० च्या शटरची कंपनीने चाचणी केली होती ती दोन लाख उघडझापींची, आणि माझे मीटर दीड लाखाच्या पुढे गेल्यापासून प्रत्येक लांब मालिकेच्या वेळी तो आकडा मनात यायचा. ती चिंता आता संपली.

पहिली सकाळ अर्थातच नांदूर मध्यमेश्वरला काढली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि हिवाळ्यात निफाड तालुक्याची थंडी कशी असते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. चापडगावच्या बाजूला काठाशी बसलो असताना एक जांभळी पाणकोंबडी वनस्पतींतून बाहेर येऊन पंधरा-वीस फुटांवर चरू लागली. डी५०० च्या पहिल्याच खडखडाटाला मान वर करून गवतात शिरणारे हे पक्षी मला चांगले परिचयाचे आहेत. झेड ८ चा कृत्रिम आवाज बंद करून मी चार मिनिटे छायाचित्रे घेत राहिलो आणि त्या पाणकोंबडीला माझी दखलही घ्यावीशी वाटली नाही. या शांततेचा एक तोटाही आहे. बोट बटणावर किती वेळ दाबलेले आहे याचे भान राहत नाही, आणि चौकटीच्या कडेला उमटणारी खूण पाहायची सवय लागेपर्यंत माझ्या कार्डात एकाच पाणकोंबडीची चारशे चित्रे साठली होती.

फोकसबद्दल बोलायचे तर पक्ष्यांसाठीची स्वतंत्र ओळख फेब्रुवारी २०२४ मधल्या २.०० या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) मिळाली, म्हणून कॅमेरा हाती आल्यावर आधी आवृत्ती तपासावी आणि मगच बाहेर पडावे. मोकळ्या पाण्यावरचे वारकरी, शेकाटे आणि हळदी-कुंकू बदके यांचे डोळे तो इतक्या सहज पकडतो की काही वेळाने त्याचे कौतुकही वाटेनासे होते. खरी परीक्षा घेतली ती कवड्या धीवराने. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा हा पक्षी काळा-पांढरा, आणि त्याचा काळा डोळा नेमका काळ्या पट्ट्यात दडलेला. कॅमेऱ्याने डोळा प्रत्येक वेळी ओळखला असे नाही, पण डोके सोडले नाही, आणि त्या अंतरावरून एवढे पुरेसे ठरते. गवताआडच्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र पूर्ण चौकटीतून फोकस निवडणे कॅमेऱ्यावर सोपवणे धोक्याचे आहे, कारण पुढची पाती त्याला आधी दिसतात. अशा वेळी लहान क्षेत्र निवडून पक्ष्यावर फोकस बसवावा आणि मग थ्री-डी ट्रॅकिंगकडे, म्हणजे हलत्या विषयाचा पाठलाग करणाऱ्या फोकसकडे जावे. ही दोन्ही कामे मी वेगवेगळ्या बटणांवर ठेवली आहेत.

त्याच सकाळी साडेनऊनंतर मात्र माझा विरस झाला. दूरच्या चक्रवाकांची पन्नासेक चित्रे घेतली, घरी मोठ्या पडद्यावर पाहिली, तर एकही धारदार नाही. साडेतीन लाखांच्या घरातला कॅमेरा आणि चित्र असे, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या खेपेला पाण्यात रोवलेल्या एका बांबूवर फोकस बसवून, तिवईवरून, वीस-वीस चित्रांच्या तीन मालिका घेतल्या. बांबू स्थिर, कॅमेरा स्थिर, तरी एका चित्रात त्याची कड सरळ, पुढच्यात नागमोडी, त्यापुढच्यात पुसट. दोष फोकसचा असता तर सगळी मालिका सारखीच बिघडली असती. चित्रागणिक धार बदलत असेल, तर मधली हवा थरथरते आहे असे खुशाल समजावे. थंड हवेखाली उबदार पाणी असले की हा प्रकार उजाडतानाच सुरू होतो आणि ऊन चढले की जमिनीवरही पसरतो. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या माळावर दहा वाजता दोनशे मीटरवरचा काळवीट टिपताना हेच झाले, पण तोवर मी शहाणा झालो होतो. लेन्स बंद करून आम्ही चहा प्यायलो.

डी५०० वाल्यांचा पहिला प्रश्न असतो तो पल्ल्याचा. डी५०० चा सेन्सर लहान असल्याने दूरचा पक्षी चौकटीत मोठा दिसतो, ते सुख गमवावे लागेल का? झेड ८ ची चौकट तेवढीच कापली तर सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात आणि डी५०० चे होते २०.९, म्हणजे व्यवहारात फरक नाही. पण याची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. पक्षी दूर असेल आणि चित्र कापावेच लागणार असेल, तर पक्ष्याच्या वाट्याला येणारा सेन्सरचा भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे तपशील किंवा कमी प्रकाशात चित्रावर उमटणारा दाणा (नॉइज) यांत विशेष सुधारणा होत नाही. ५०० ऐवजी ६०० मि.मी. मिळाल्याने पक्षी थोडा मोठा होतो, आणि एफ/५.६ ऐवजी एफ/६.३ आल्याने प्रकाश थोडा घटतो. मोठ्या सेन्सरचा लाभ चौकट भरली तरच होतो. ज्यांना काठावरून दूरचेच पक्षी मिळतात, त्यांनी केवळ स्वच्छ चित्रांच्या आशेने हा खर्च करू नये.

वजनाच्या बाबतीतही फार अपेक्षा नको. कॅमेरा आणि लेन्स मिळून साधारण ३,०५० ग्रॅम होतात, आणि जुनी जोडी त्याहून जेमतेम शे-सव्वाशे ग्रॅम जड होती. तरीही नवी लेन्स हातात अधिक सुखावते. झूम करताना ती लांबत नाही, तोल ढळत नाही आणि थोड्याशा फिरवण्यात १८० वरून ६०० वर जाता येते. जुन्या लेन्सचे कडे दोनदा मनगट वळवल्याशिवाय टोकाला पोहोचत नसे. ती जुनी लेन्स एफटीझेड २ हा जोडणीचा अडॅप्टर लावून झेड ८ वर चालते, तेव्हा खर्च दोन टप्प्यांत करणाऱ्यांनी कॅमेरा आधी घ्यायला हरकत नाही.

बटण दाबण्याच्या आधीचा क्षण साठवून ठेवणारी सोय खंड्याच्या झेपेसाठी जणू बेतलेली आहे. बटण अर्धे दाबून बसावे, पक्षी फांदीवरून सुटला की पूर्ण दाबावे, आणि आधीच्या एका सेकंदापर्यंतची चित्रे कार्डात जमा होतात. आजवर या क्षणासाठी मी किती सकाळी घालवल्या याचा हिशेब न केलेला बरा. मात्र ही चित्रे फक्त जेपेगमध्ये मिळतात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल नसल्याने उघडीप (एक्स्पोजर) आधीच नेमकी बसवावी लागते, आणि बगळ्याची पाठ एकदा पांढरीफटक झाली की नंतर काही करता येत नाही. पहिल्या दिवशी माझे तीन बगळे असेच वाया गेले.

खेळाच्या बाजूला येतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, एका स्थानिक क्रिकेट सामन्यात १/२००० सेकंदाने घेतलेल्या मालिकेत बॅट आणि यष्टी दोन्ही सरळ आहेत. दृश्यदर्शकात मध्येच अंधार होत नाही, त्यामुळे यष्टिरक्षकाकडे जाणारा चेंडू अखंड दिसत राहतो. हा अनुभव आरशाच्या कॅमेऱ्याला माहीतच नव्हता. क्रिकेटबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही, कॅमेऱ्याला ते काम सोपे आहे.

कबड्डी सोपी नव्हती. रात्री दिव्यांच्या प्रकाशात, मॅटवर, एक चढाईपटू आणि त्याच्याभोवती सात बचावपटू. सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याला सारखेच प्रिय, त्यामुळे बोनस रेषेकडे पाय टाकणारा खेळाडू सोडून फोकस कोपऱ्यातल्या बचावपटूच्या चेहऱ्यावर गेला, आणि असे एकदा नव्हे, वारंवार झाले. चढाई सुरू होताना लहान क्षेत्राने चढाईपटूला पकडून मग थ्री-डी ट्रॅकिंग चालू ठेवले, तेव्हा कुठे पकडीचे क्षण हाती लागू लागले. दुसरी अडचण दिव्यांची होती. एलईडी दिवे डोळ्यांना न दिसेल इतक्या वेगाने लुकलुकतात, आणि यांत्रिक पडदा नसलेले बहुतेक कॅमेरे ओळीओळीने वाचत असल्याने चित्रावर आडवे काळसर पट्टे उमटू शकतात. पहिल्या अर्ध्या तासाची चित्रे अशी पट्टेरी आली. उच्च वारंवारितेच्या लुकलुकीसाठी मेनूमध्ये वेगळी सोय आहे, तिने शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येतो आणि दृश्यदर्शकात पट्टे विरळ होताना दिसतात. मध्यंतरात हे जुळवून घेतले आणि उत्तरार्ध स्वच्छ मिळाला. रात्री खेळ टिपणाऱ्यांनी ही सोय सामन्याच्या आधी, रिकाम्या मैदानावर जुळवावी. येथे मोठ्या सेन्सरचा लाभ मात्र पुरेपूर जाणवला. चौकट भरलेली असल्याने आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००० ची चित्रे डी५०० च्या ३२०० सारखी दिसतात, आणि सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने यात नवल नाही.

आता खर्चाचा छुपा भाग. सेकंदाला २० रॉ चित्रे हा आकडा जाहिरातीत शोभतो, पण पूर्ण गुणवत्तेची एक फाइल सुमारे ५५ एमबीची असते, म्हणजे बोट एक सेकंद दाबले की एक जीबीहून अधिक माहिती तयार होते. हाय एफिशिएन्सी स्टार हा प्रकार निवडल्यास फाइल सुमारे ३३ एमबीवर येते आणि मला तरी डोळ्यांनी फरक ओळखता आला नाही. तरीही पहिल्या सकाळची ४,३०० चित्रे १४० जीबीच्या वर गेली, आणि त्यांतली ३१ ठेवण्यासाठी मला दोन संध्याकाळी बसावे लागले. आता मी वेग सेकंदाला १० वर ठेवतो आणि झेपेची खात्री असेल तेव्हाच वाढवतो. कार्डांच्या दोन खाचांपैकी एक सीएफएक्स्प्रेस टाइप बीची आणि दुसरी एसडीची आहे. दोन्हींवर एकदम प्रती ठेवायचे ठरवले की कॅमेरा हळू कार्डाच्या चालीने चालतो. मी हे विसरलो आणि ममदापूरला कळप धावत असताना कॅमेरा दम टाकत बसला. डी५०० मधले एक्सक्यूडी कार्ड यात चालते, पण लांब मालिकांसाठी वेगवान कार्डाचा खर्च धरूनच चालावे.

बॅटरीचा प्रमाणित आकडा ३३०-३४० चित्रांचा आहे, डी५०० चा होता १,२४०. सलग मालिका घेताना प्रत्यक्षात एका बॅटरीवर त्याच्या कित्येक पट चित्रे निघतात, कारण खरा खर्च दृश्यदर्शक चालू ठेवण्याचा असतो. पक्ष्याची वाट पाहत तासन्‌तास बसणाऱ्याला म्हणूनच दोन जादा बॅटऱ्या खिशात लागतात. दौऱ्यात गाडीत पॉवर बँकवरून यूएसबीने चार्जिंग होते, हे एक समाधान.

भारतात हा कॅमेरा ३,४३,९९५ रुपयांना आला होता. या पैशांत डी५०० वाल्याला शांतता, सरळ बॅट, झेपेच्या आधीचा क्षण आणि रात्रीच्या मैदानावर बराच स्वच्छ प्रकाश मिळतो. आठवड्याला एखादी सकाळ नांदूरच्या मनोऱ्यावर घालवून दूरची बदके टिपणे एवढाच ज्यांचा शिरस्ता आहे, त्यांनी आणखी काही वर्षे डी५०० वापरावा आणि जमल्यास काठाच्या अधिक जवळ, पहाटे लवकर जाऊन बसावे.

पाऊस मी अजून या कॅमेऱ्याला दाखवलेला नाही. अंजनेरीच्या धुक्यात, ओल्या कड्यासमोर, घिरट्या घालणाऱ्या गिधाडांवर त्याचा फोकस कसा बसतो ते जुलैत पाहायचे आहे, आणि तोवर डी५०० विकायला काढायचा नाही असे घरात ठरले आहे.