दाराबाहेरचे सहा श्वास : आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या चार वर्षांच्या मुलीने कामाच्या कागदांवर पाण्याचा पेला उपडा केला आणि मी इतक्या जोरात ओरडलो की माझाच आवाज मला परका वाटला. ती रडली असती तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण ती रडली नाही, तिने फ्रॉकचे टोक धरले आणि गुपचूप ते कागद पुसायला सुरुवात केली. त्या रात्री मी श्वसनाचा आणि ध्यानाचा सराव करायचे ठरवले, आणि तेव्हापासून काय टिकले, काय सुटले याची नोंद एका वहीत ठेवत आलो. हा अनुभव त्या वहीवरून लिहिला आहे.

सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली, म्हणजे चुकीची. पहाटे पाचला उठून वीस मिनिटे ध्यान करायचे असे ठरवून मी फोनवर घंटा वाजवणारे एक ॲप घेतले आणि बैठक मांडली. हा कार्यक्रम जेमतेम तीन आठवडे चालला. धाकटा त्या वेळी दीड वर्षाचा होता आणि पाचला उठण्याचा त्याचाही नेम होता. एके दिवशी तो रांगत येऊन मांडीवर चढला, तेव्हा ध्यानात व्यत्यय आणल्याबद्दल मी त्याच्यावर खेकसलो. शांत होण्यासाठी बसलेला बाप शांतता भंगली म्हणून चिडतो, यातला विनोद मला त्या दिवशी दिसला नाही. बायकोला मात्र लगेच दिसला.

दुसरी चूक तंत्राची होती. ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला मी शब्दशः घेतला आणि छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेऊ लागलो. दोन मिनिटांत डोके हलके झाले, बोटांना मुंग्या आल्या. याचे कारण साधे आहे. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भोवळ आल्यासारखे वाटते. श्वास मोठा नव्हे, संथ हवा, आणि त्यातही बाहेर सोडण्याकडे लक्ष हवे, हे मला तेव्हा कळले. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वेगाने पडतात आणि सोडताना मंदावतात, कारण श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम आवळला जातो. उच्छ्वास लांबवणे म्हणजे तो लगाम थोडा अधिक वेळ हातात ठेवणे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातील चौतिसावे सूत्र चित्त स्थिर होण्याचा एक उपाय म्हणून प्राण बाहेर टाकण्याचा आणि रोखण्याचा उल्लेख करते, आणि त्यात आधी येतो तो बाहेर टाकणेच. हे सूत्र मी पूर्वी वाचले होते, पण त्यातल्या क्रमाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

यानंतर मी जे पद्धतशीर वापरून पाहिले त्यात सर्वांत उपयोगी ठरला तो मिनिटाला सहा श्वासांचा सराव. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला बरोबर सहा. एरवी बसल्या जागी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात असे आढळले की ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा एकाच लयीवर येऊन थांबल्या, हे वाचून माझा या आकड्यावरचा विश्वास वाढला.

दुसरा सराव सुस्काऱ्याचा. नाकाने श्वास भरायचा, तो भरल्यावर वरून आणखी एक छोटा घोट घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश सोडून द्यायचा. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर, अशा सुस्काऱ्यांची तुलना श्वसनाच्या दुसऱ्या दोन पद्धतींशी आणि ध्यानाशी केली होती, आणि मनःस्थिती सुधारण्यात सुस्कारे सरस ठरले होते. पाच मिनिटे मी क्वचितच केली. एखादा त्रासदायक फोन उचलण्यापूर्वी दोन-तीन सुस्कारे मात्र हटकून टाकतो. बैठकीत इतरांदेखत टाकू नयेत, वरिष्ठ त्याचा वेगळा अर्थ लावतात.

चौकोनी श्वसन, म्हणजे चार आकडे घेणे, चार रोखणे, चार सोडणे, चार रोखणे, हे मला मानवले नाही. श्वास सोडून झाल्यावर रिकामे थांबताना मला घुसमटल्यासारखे होई आणि शांत होण्याऐवजी मी पुढच्या श्वासाची वाट पाहत बसे. अनेकांना ते आवडते, तेव्हा हा माझ्यापुरता निकाल समजावा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र श्वास रोखण्याचे प्रकार आणि कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, आणि गाडी चालवताना यातले काहीही करू नये.

भ्रामरी हा एकच प्रकार असा निघाला की जो मुलांसकट करता येतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्ही तिघे ओठ मिटून गुंजारव करतो; कुणाचा जास्त वेळ टिकतो याची स्पर्धा लागते आणि लांब उच्छ्वास आपसूक घडतो. ‘बाबा, तुझ्या नाकात मोटार आहे का?’ असे मुलीने विचारले होते.

ध्यानाबाबत माझे मत आता बरेच मवाळ झाले आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या, ध्यानातून ताण हलका करायला शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात घरी रोज सुमारे पाऊण तास सराव अपेक्षित असतो. दोन लहान मुलांच्या बापाला पाऊण तास म्हणजे चैन आहे. मुले झोपल्यावर मी आठ मिनिटे खुर्चीत बसतो आणि एक ते दहा उच्छ्वास मोजतो. चुकलो की पुन्हा एकपासून. सातव्या महिन्यातसुद्धा मी बहुधा चारवरच हरवतो. फरक एवढाच की हरवल्याचे आता लवकर ध्यानात येते, आणि दिवसा राग चढतानाही तसेच लवकर ध्यानात येते.

या सरावाने काय झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. कामाचा बोजा तसूभरही कमी झाला नाही. अपुऱ्या झोपेची भरपाई झाली नाही; ती रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्यावर झाली. उलट काही दिवस हा सराव माझी पळवाट बनला होता. घरात दोन्ही मुले एकदम रडत असताना मी खिडकीशी डोळे मिटून उभा होतो, तेव्हा ‘श्वास नंतर घे, आधी याला धर,’ असे बायकोने सुनावले, आणि ते अगदी रास्त होते. शिवाय आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, मुलांजवळ असूनही काही वाटेनासे झाले असेल, तर श्वास मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणापासून मूल वर्षाचे होईपर्यंतच्या काळात दहापैकी सुमारे एका वडिलांना नैराश्य येते, असे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले होते. ते केवळ आयांनाच होते असा माझाही समज होता.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. घड्याळाला बांधलेला माझा प्रत्येक सराव मोडला आणि जागेला बांधलेला प्रत्येक सराव टिकला. पहाटेचे पाच, दुपारचे दोन, या वेळा कुणी ना कुणी खाऊन टाकते; घराचे दार मात्र रोज येतेच. संध्याकाळी मी किल्ली हातात धरून दाराबाहेर उभा राहतो, बूट काढत नाही, आणि सहा श्वास पूर्ण झाल्यावरच किल्ली फिरवतो. त्या मिनिटात कचेरीतले काही सुटत नाही, पण आत शिरताना खांदे कानांपाशी नसतात. पहिले दोन महिने शेजाऱ्यांना वाटत असे की मी किल्ली विसरलो आहे.

आता पावलांचा आवाज ओळखून मुलगी आतून दाराशी येते आणि ‘किती झाले?’ असे विचारते. मी ‘चार’ म्हणालो की उरलेले दोन ती स्वतः मोजते, एका दमात, आणि ते माझ्या सहा आकड्यांच्या उच्छ्वासापेक्षा फारच लवकर संपतात.