झेरॉक्स काढून झाल्यावर आपल्या कागदाचं काय होतं? साताऱ्यातल्या एका दुकानाचा अनुभव (५ पैकी ४.५)

साताऱ्यात झेरॉक्सची दुकानं पायलीला पन्नास आहेत, तरी एकाबद्दल मुद्दाम लिहितेय. नाव टाकत नाहीये कारण दुकानवाल्या दादाला विचारलं तर तो म्हणाला ताई नाव नको, आहे तीच गर्दी आवरंना. मग नाहीच टाकत.

आधी जिथं जायचे तिथलं सांगते म्हणजे कळेल एवढं काय त्यात. मागच्या वर्षी बाबांचं आधार आणि पासबुक व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढायला दुसऱ्या एका दुकानात गेले होते. पोरानं डाउनलोडचं फोल्डर उघडलं आणि मी बघतच राहिले, लोकांची आधार, पॅन, जातीचे दाखले, कुणाचा तरी सातबारा, सगळं तसंच पडलेलं, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या कुणालाही वाचता येईल अशी स्क्रीन. माझं डिलीट कर म्हटलं तर करतो की नंतर. पैसे किती विचारले तर मशीनशेजारच्या ढिगातला एक पाठकोरा कागद ओढून त्यावर १२ गुणिले ३, ३६ असं लिहून दिलं. कागद उलटा केला तर कुणा बाईच्या आधारची अर्धवट निघालेली प्रत, फोटो पुसट पण नंबर स्वच्छ. तो कागद मी घरी आणला आणि चुलीत घातला. ढिगात तसले अजून किती असतील देव जाणे.

आता हे नवीन दुकान. मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, मार्कशीट सगळ्याच्या तीन तीन प्रती हव्या होत्या. या दादानं स्क्रीन माझ्याकडं वळवली, माझ्या फाईल्स तेवढ्या उघडल्या, प्रिंट झाल्यावर शिफ्ट धरून डिलीट दाबलं (म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण राहत नाही), व्हॉट्सॲपचं चॅट काढून टाकलं आणि म्हणाला बघा ताई, गेलं. एक प्रत तिरकी निघाली होती ती पण माझ्याच हातात दिली, आणि मशीनचं झाकण उघडून काचेवर ओरिजिनल राहिलंय का ते दाखवलं. तुम्ही म्हणाल ही काय मोठी गोष्ट, पण मला दुसरीकडं कुठंच असं कुणी केलेलं आठवत नाही.

आधारची प्रिंट मागितली तर आधी विचारतो, कशाला पाहिजे? लॉजवर वगैरे द्यायची असली तर मास्क्ड आधार काढून देतो. १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले, शेवटचे ४ दिसतात. आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साईटवरच मिळतं, फुकट. ओटीपी आला तेव्हा कीबोर्ड माझ्याकडं सरकवला, तुम्हीच टाका म्हणाला, हे मला फार आवडलं. आम्ही गणपतीपुळ्याला तेच दिलं, कुणी काही बोललं नाही. आणि एक, डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल हाच तो पासवर्ड, म्हणजे ओळखीतलं कुणीही उघडू शकतं.

बाबांचं बायोमेट्रिक लॉक (म्हणजे आधारवरचा अंगठा वगैरे बंद करून ठेवणं) पण त्याच्याकडं बसूनच केलं. गावाकडच्या माणसांनी हे खरंच मनावर घ्या. जमिनीच्या दस्तांवर अंगठे असतात, आधार नंबर असतो, आणि आधारवरून पैसे काढायच्या सोयीत बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी येतच नाही. दस्तांवरचे ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याच्या केसेस झाल्यात. लॉक केलं की अंगठा चालत नाही. फक्त रेशनला जायच्या आधी तात्पुरतं उघडावं लागतं, बाबा पहिल्यांदा विसरले आणि पिशवी घेऊन परत आले, आता मी आदल्या दिवशीच आठवण करते.

अर्धा स्टार का कापला तर व्हॉट्सॲप दादाच्या स्वतःच्या मोबाईलवर आहे. कॉम्प्युटरवरचं पुसलं तरी फोटो मोबाईलच्या गॅलरीत उतरलेले असतात हे त्याला माहीतच नव्हतं. मी म्हटलं जरा गॅलरी उघडा, तर त्याच्या पोराच्या बारशाच्या फोटोंच्या मधेमधे लोकांची पॅनकार्डं. त्याचा चेहरा एकदम उतरला. गिऱ्हाईकं थांबवून तिथंच सेटिंगमधलं ऑटो डाउनलोड बंद केलं आणि जुने फोटो पुसायला बसला, मागं लाईन लागली तरी. चूक दाखवली तर राग न येणारा दुकानदार, याला मी जास्त मार्क देते.

रेट ३ रुपये पान, बाकी ठिकाणी २ ला पण मिळतं. सकाळी अकराच्या आत जा, नंतर कचेरीची गर्दी होते. आणि आधारची पूर्ण प्रत द्यायचीच वेळ आली तर त्यावर आडवी सही, तारीख आणि "फक्त अमुक कामासाठी" असं लिहून द्या, पेन काउंटरवर दोऱ्यानं बांधलेलं आहे.