रिव्हियन आर-वन-टी की आर-वन-एस: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

अमेरिकेत घरासाठी इलेक्ट्रिक पिकअप घ्यावा की एसयूव्ही, ही चर्चा बहुतेक घरांत रेंजवरून सुरू होते आणि किमतीवर येऊन अडते. रिव्हियन या अमेरिकी कंपनीच्या आर-वन-टी (पिकअप) आणि आर-वन-एस (एसयूव्ही) या दोन इलेक्ट्रिक गाड्यांमुळे प्रश्न नीट सोडवता येतो. बॅटरी, मोटरी, एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबावर गाडी वर-खाली करणारं), टचस्क्रीन, पुढची डिकी, सगळं जवळपास तेच. पुढून पाहिलं तर दोन्हींतला फरक पटकन ओळखू येत नाही. वेगळं आहे ते मागचं अर्धं अंग. दोन्ही गाड्या आलटूनपालटून वापरल्यावर मत असं झालं की निर्णय एकाच गोष्टीवर करावा: तुमच्या घरात सहावा माणूस किती वेळा गाडीत बसतो?

आर-वन-टीमध्ये पाच जागा, आर-वन-एसमध्ये सात. चौघांचं घर असेल आणि भारतातून आजी-आजोबा पाच-सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर पिकअप घेतल्यावर तेवढे महिने प्रत्येक रविवारी दोन गाड्या काढाव्या लागतील. ज्यांच्याकडे दुसरी गाडी छोटी आहे त्यांनी हे आधीच धरून चालावं.

पण सात जागा आहेत म्हणून सात मोठी माणसं आरामात बसतील असंही नाही. तिसरी रांग दहा-बारा वर्षांच्या मुलांना चांगली, मोठ्यांना अर्ध्या तासापुरती. पायाखालची जमीन उंच असल्याने गुडघे वर येतात. शिवाय आर-वन-एसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२१.१ इंच आणि पिकअपचा १३५.८. या जवळपास पंधरा इंचांचा परिणाम खराब काँक्रीटच्या हायवेवर कळतो: एसयूव्ही पुढे-मागे जास्त डुलते, आणि ते डुलणं मागच्या चाकांच्या वर बसलेल्यांना सर्वांत जास्त लागतं. गाडी लागणारं मूल असेल तर त्याला मधल्या रांगेतच बसवावं आणि सस्पेन्शन मऊवर ठेवावं. पिकअप याबाबतीत सरळ सरस आहे, लांब पल्ल्यावर तो जास्त शांत धावतो.

तिसऱ्या रांगेत जायची वाट मधली सीट पुढे सरकवून मिळते. त्या सीटवर मुलाची सीट घट्ट बांधलेली असेल तर ती वाट बंद. म्हणून पहिली मुलाची सीट ड्रायव्हरच्या मागे बांधावी आणि उजवी, म्हणजे फुटपाथकडची बाजू मोकळी ठेवावी. दोन मुलाच्या सीट असतील तर दुसरी मध्ये बसते का, हे गाडी घेण्याआधी बसवूनच पाहावं, कारण रुंद सीट शेजारच्या बेल्टचं बकल झाकतात. मुलाची सीट अडकवायचे गाडीतले खालचे लॅच हुक मूल आणि सीट मिळून ६५ पौंडांपर्यंतच वापरायचे. त्यापुढे गाडीचा बेल्ट आणि मुलाच्या सीटचा वरचा पट्टा. पिकअपमध्ये हा वरचा पट्टा बांधणं जास्त कटकटीचं आहे. मागच्या सीटची पाठ थेट मागच्या भिंतीला टेकलेली असते, त्यामुळे पट्टा अडकवायचा हुक पाठीमागे, हात न पोचणाऱ्या जागी असतो. एकदा बांधून ठेवणार असाल तर चालेल. रोज सीट काढून दुसऱ्या गाडीत लावणार असाल तर नको.

गुडघेदुखी असलेल्या माणसांसाठी दोन्ही गाड्यांची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एअर सस्पेन्शन. पार्क केल्यावर गाडी खाली बसवता येते. तरीही जमिनीपासून पायरी साडीत चढणाऱ्या आजींना उंचच वाटते, आणि बसायला खांबाची पकड लागते. चाकांच्या मधली बाजूची पायरी बसवून घेतलेली बरी.

आता विमानतळ. दोन पाहुण्यांच्या २३ किलोच्या चार बॅगा, शिवाय हातातल्या दोन. आर-वन-एसमध्ये तिसरी रांग पूर्ण उभी असताना मागे १७.६ घनफूट जागा उरते. कागदावर चार मोठ्या बॅगा त्यात बसतात, प्रत्यक्षात तीन बसतात, कारण डिकीचं दार तिरकं आहे आणि बॅगा चौकोनी. उपाय सोपा आहे: तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडते. सहा जण असतील तर मागे एकच जण, त्याच्या शेजारची सीट आडवी, चौथी बॅग तिच्यावर. हातातल्या बॅगा ११.१ घनफुटांच्या पुढच्या डिकीत. सात जण आणि सात जणांचं सामान मात्र या गाडीत जात नाही. त्यासाठी छतावर पेटी लागते, आणि पेटी लावली की गाडीची उंची साडेसहा फुटांच्या बरीच वर जाते. विमानतळावरच्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी असते, ती वाचूनच आत शिरावं.

पिकअपचं खरं सुख मागच्या उघड्या हौद्यात आहे, आणि ते मनापासून सांगायला हवं. ओलं, मातकट, वासाचं सामान माणसं बसतात त्या खोलीच्या बाहेर राहतं. खताच्या पिशव्या, समुद्रावरून आणलेल्या चटया, चिखलाच्या सायकली, गणेशोत्सवाच्या सजावटीचे रंगलेले लाकडी साचे. एसयूव्हीत यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे आधी ताडपत्री आणि नंतर व्हॅक्यूम. आर-वन-टीचा हौदा साडेचार फुटांचा, आखूड आहे. मागचा फाळका खाली पाडला की तळ साधारण सात फूट होतो, म्हणजे मंडळाची सहा फुटी घडीची टेबलं आडवी मावतात. फाळका उघडा ठेवून जाताना दोन रॅचेट पट्टे (खटक्यानं आवळायचे) फुलीसारखे बांधावेत. नुसता एक आडवा पट्टा बांधला की ब्रेक मारल्यावर टेबलं पुढे घसरून आतल्या भिंतीवर आपटतात.

हौद्याची मापानं जागा २९.२ घनफूट, एक घनयार्ड म्हणजे २७. तेव्हा बागेसाठीचा लाकडी भुसा, ज्याला इथे मल्च म्हणतात, एक यार्ड सपाट भरून आणता येतो. माती किंवा खडी मात्र एक यार्ड कधीच भरू नये. मातीचा एक यार्ड सहज २,००० पौंडांच्या वर जातो आणि गाडीची वाहून नेण्याची क्षमता त्याहून कमी आहे, त्यात बसलेली माणसंही मोजायची असतात. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो. चाकांचा आकार आणि बॅटरी बदलली की तो बदलतो, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नये.

पण हौदा म्हणजे डिकी नव्हे. उघड्या हौद्यात किराणा ठेवला तर नारळ आणि दुधाचे गॅलन घरी पोचेपर्यंत टोकाला गेलेले असतात, आणि सिग्नलला कुणीही हात घालू शकतं. झाकण घेतलं तरी ते पावसाच्या सरींपुरतं. तासभराच्या मुसळधार पावसात पुढच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपतं. गुंडाळल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या झाकणात वाळू, पाइनच्या सुया आणि बर्फ रुळात अडकतात. महिन्यातून एकदा रूळ मऊ ब्रशनं झाडावेत, कोरडी सिलिकॉन फवारणी करावी. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यावर धूळ चिकटून रूळ अजून जाम होतो. बर्फ साचलेलं असताना झाकण मोटरनं उघडण्याचा प्रयत्न करू नये.

गिअर टनेल, म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागून गाडीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारा बोगदा, फक्त पिकअपमध्ये आहे. ११.६५ घनफूट, कुलूपबंद आणि कोरडा. घडीची बाबागाडी, छत्र्या, स्की, केबल आणि अडॅप्टर यांची कायमची जागा. एसयूव्ही वापरताना याचीच सर्वांत जास्त आठवण येते.

गॅरेज टेपनं मोजा. इथली दोन गाड्यांची गॅरेजं बऱ्याचदा २० फूट, म्हणजे २४० इंच खोल असतात. आर-वन-एस २००.८ इंच, आर-वन-टी २१७.१. पिकअप उभा केला की पुढे-मागे मिळून २३ इंच उरतात, त्यात वॉटर हीटर किंवा फ्रीझर असेल तर संपलंच. तुलनेसाठी, फोर्डचा इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग २३२.७ इंच आहे, दार जेमतेम लागतं. किआची इलेक्ट्रिक एसयूव्ही ईव्ही-नाइन १९७.२.

घरच्या चार्जिंगमध्ये दोन्ही गाड्यांत फरक नाही, पण वायरिंगमधल्या चुका इतक्या सर्रास होतात की लिहायलाच हवं. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर १२ अँपिअर, म्हणजे १.४ किलोवॉट मिळतं. एवढ्या जड गाडीला तासाला जेमतेम तीन मैल, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही कमी, कारण बरीच वीज बॅटरी गरम ठेवण्यातच जाते. २४० व्होल्ट, ४८ अँपिअरला ११.५ किलोवॉट. त्यासाठी ६० अँपिअरचा ब्रेकर आणि सॉकेट नसलेली, थेट जोडलेली चार्जिंग पेटी. इथे बरेच इलेक्ट्रिशियन घरातली नेहमीची सहा गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) रोमेक्स केबल ओढतात. तिची क्षमता ५५ अँपिअरपर्यंतच धरतात, आणि ४८ अँपिअर सतत चालवायला ६० ची वायर लागते. तेव्हा पाइपमधून सहा गेजच्या सुट्या तांब्याच्या वायरी, नाहीतर चार गेजची केबल, नाहीतर पेटीचं सेटिंग ४० वर आणून ५० चा ब्रेकर. थेट जोडणीऐवजी १४-५० सॉकेटच (२४० व्होल्टचं, ५० अँपिअरचं) हवं असेल तर कारखानी वापराचं, जाड संपर्काचं घ्यावं. ड्रायरसाठीचं स्वस्त सॉकेट रोज आठ-आठ तास ४० अँपिअर ओढल्यावर वितळतं. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू असताना तासाभरानं प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर बंद करा.

बाहेरच्या चार्जिंगमध्ये मार्च २०२४ पासून टेस्लाचे सुपरचार्जर अडॅप्टर लावून वापरता येतात, आणि त्यामुळे प्रवास खूप सुकर झाला. अडचण तोंडाची आहे. रिव्हियनचं चार्जिंगचं तोंड पुढे डावीकडे, टेस्लाचं मागे डावीकडे, आणि जुन्या खांबांच्या केबली आखूड. गाडी पुढून लावली तर शेजारच्या खांबाची केबल ओढावी लागते आणि दोन जागा अडतात. रांगेच्या टोकाची जागा शोधावी. ट्रेलर असेल तर बहुतेक ठिकाणी तो सोडूनच गाडी लावावी लागते.

ट्रेलरचाच विषय निघाला म्हणून: पिकअप ११,००० पौंड ओढतो, एसयूव्ही ७,७००. घरगुती वापराला दोन्ही पुरेसे. रेंज मात्र उंच कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, ओढताना निम्म्यावर येते, आणि ती वजनापेक्षा हवेच्या अडथळ्यामुळे. सपाट, बुटका ट्रेलर जड असला तरी कमी खातो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, तो गाडीच्या क्षमतेतून वजा करायचा. ५,००० पौंडांच्या कॅम्परसाठी ५०० ते ७५० पौंड गेले, मग आत पाच जण आणि हौदा भरून सामान बसत नाही.

थंडीच्या राज्यांत वापरलेली गाडी घेणार असाल तर जून २०२४ नंतरची, दुसऱ्या पिढीची पाहा. तिच्यात हीट पंप आला, म्हणजे कमी विजेत केबिन तापवणारी यंत्रणा. आधीच्या गाड्यांत केबिन विजेच्या हीटरनं तापते आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांत रेंज झपाट्यानं उतरते. दोन्हींत उपाय तोच: केबल लावलेली असतानाच, निघण्याच्या वीस मिनिटं आधी केबिन गरम करावी, आणि फास्ट चार्जरकडे जाताना पत्ता गाडीच्याच नकाशात टाकावा, म्हणजे बॅटरी वाटेत गरम होते. फोनवरच्या नकाशानं हे होत नाही.

टायर हा सर्वांत मोठा चालू खर्च. ७,००० पौंडांच्या आसपास वजन आणि विजेच्या मोटरीचा जोर. पहिल्या पिढीच्या चार मोटरींच्या गाडीत कन्झर्व्ह, म्हणजे वीज वाचवणाऱ्या, मोडमध्ये फक्त पुढची चाकं ओढतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. दर पाच ते साडेसात हजार मैलांनी टायर अदलाबदल करावेत, हवा ४८ पीएसआय, आणि ती सकाळी टायर थंड असताना मोजावी. नवे टायर घेताना आकाराबरोबर भारक्षमतेचा आकडाही तोच हवा. २० इंची ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीचे, टायर दिसायला छान, पण रेंज १० ते १५ टक्के खातात. शहर आणि हायवेसाठी नकोत.

पिकअपचे कागदही वेगळे. कॅलिफोर्नियात पिकअप घरगुती वापराचा असला तरी व्यापारी नोंदणीत जातो आणि वजनाची फी वेगळी पडते. काही वसाहतींचे नियम अंगणात पिकअप उभा करू देत नाहीत, तेव्हा एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचे, कागद आधी वाचा. इलेक्ट्रिक गाडीची वार्षिक फी दोन्हींना सारखीच: टेक्सासमध्ये २०० डॉलर, नव्या गाडीला सुरुवातीला ४००. न्यू जर्सीत जुलै २०२४ पासून २५० डॉलर, दरवर्षी १० ची वाढ, आणि नव्या गाडीला चार वर्षांची एकदम. ७,५०० डॉलरची केंद्राची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. विम्याचे भाव दोन्हींसाठी वेगवेगळे मागवा. आर-वन-टीच्या हौद्याची बाजू छतापर्यंत जाणाऱ्या पत्र्याशी एकसंध आहे, त्यामुळे मागचा साधा पोचाही महाग पडतो. अशा वेळी आधी रंग न काढता पोचा काढणाऱ्या कारागिराला दाखवावं.

एका गरजेसाठी मात्र या दोन्ही सोडून लाइटनिंगकडे पाहावं: वीज बाहेर काढणं. रिव्हियनच्या सॉकेटवर १,५०० वॉट मिळतात, त्यावर भाताचा कुकर चालतो, १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी चालत नाही. लाइटनिंगमध्ये ९.६ किलोवॉटपर्यंतचा पर्याय आहे. मैदानावरच्या कार्यक्रमाला चहाचं मोठं भांडं, ध्वनियंत्रणा आणि दिवे एकत्र चालतात, आणि योग्य जोडणी केली तर वीज गेल्यावर घरही. फोर्डनं डिसेंबर २०२५ मध्ये त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा आता तो शिल्लक किंवा वापरलेला शोधावा लागेल.

चाचणी फेरीला जाताना मुलांच्या सीट, एक मोठी प्रवासी बॅग आणि घरातलं सर्वांत वयस्क माणूस बरोबर न्या. सीट स्वतः बांधा, वरचा पट्टा आवळा, बॅग मागे टाका, मग तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसून हायवेवर चक्कर मारा. शोरूमच्या अंगणात पाच मिनिटं बसल्यानं पाठीला काहीच कळत नाही.