पावसाळ्यात पत्रिकेचा कागद: मोतिया, आयव्हरी की हातकागद?

बाबांची पंचाहत्तरी नेमकी श्रावणात आली. ऐंद्री शांत, म्हणजे पंचाहत्तरीला करायचा धार्मिक विधी, घरीच, गोव्यात बांदोड्याला, आणि माणसे दीडशेच्या आत. ८० पत्रिका पुरणार होत्या. तेवढ्यासाठी छापखान्याची पायरी कोण चढणार, म्हणून घरीच करायचे ठरवले. भाऊ म्हणाला, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक आणि मोकळी हो." ते टाकणार होतेच. पण पहिली पत्रिका म्हार्दोळला म्हाळसादेवीपुढे ठेवायची असते, तिथे मोबाइल कसा ठेवणार?

फोंड्याच्या वरच्या बाजारात स्टेशनरीच्या एका दुकानात गेले. तीन प्रकारचे कागद आणले, तिन्ही वापरून पाहिले. कोणता घ्यावा हे विचारणाऱ्या मैत्रिणी आता तिघी झाल्या, म्हणून एकदाच लिहिते.

पहिला मोतिया, म्हणजे दुकानात ज्याला मेटॅलिक म्हणतात तो. २५० जीएसएम (वजनावरून कागदाची जाडी सांगायचे माप, हिशेब पुढे आहे), ए-फोरचा एक कागद १४ रुपयांना. दुकानदार म्हणाला, "बाय, लग्नाक सगळीं हेंच व्हरतात." दिव्याखाली धरला की शिंपल्यासारखा चमकतो, हातात भारदस्त लागतो. मी भुलले आणि ५० कागद घेऊन आले. घरच्या लेझर प्रिंटरने पहिला गिळला तो निम्म्यात अडकला. पुस्तिका काढून वाचली, तर जाडीची मर्यादा १६३ जीएसएम. (ती पुस्तिका मी चार वर्षांत प्रथमच उघडली, हे इथे कबूल करते.) मागची खिडकी उघडून, एकेक कागद हाताने सरळ सरकवून कसेबसे १० काढले. सुंदर दिसले. घडी घातली आणि घडीवरची अक्षरे पापुद्र्यासारखी सुटून मांडीवर पडली. लेझरची शाई म्हणजे भुकटी, ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. कागद जाड असला की उष्णता तोच पिऊन टाकतो आणि भुकटी नुसती वर बसून राहते.

तरी म्हटले, घडी न घालता देऊ. बाबांनी हळदीचे बोट लावले, मग कुंकवाचे. पत्रिका उभी केली आणि कुंकू सगळे खाली घरंगळले. हळदीचा ओघळ थेट "आग्रहाचे निमंत्रण"वरून गेला. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "हाचेर कुंकूम रावना गो." झाले. मोतिया बाद. कागदावर चमक आणायला लेप देतात, आणि लेप म्हटला की ना कुंकू मुरत, ना जेल पेनची शाई वाळत. पाहुण्यांची नावे हाताने लिहायची असतील तर हा कागद हातात धरू नका. माझ्या तळहातावर अर्धा दिवस एका काकांचे आडनाव होते, तेही उलटे.

दुसरा हातकागद. २२ रुपयांना एक. सुती चिंध्यांच्या लगद्याचा, कडा फाटक्यासारख्या पण मुद्दाम तशाच ठेवलेल्या. कुंकू, हळद, पेन, सगळे झकास धरतो. माझ्या मते देवापुढे ठेवायला याच्यासारखा कागद नाही. पण यावर छपाई करताना देवनागरीचे हाल होतात. पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे बारीक टाइपातले अनुस्वार खड्ड्यात पडतात. आमची "ऐंद्री शांत" कागदावर "ऐद्री शात" उमटली. टाइप मोठा आणि ठळक केला तेव्हा वाचता आली, पण मग स्थळ-वेळेला जागा उरेना. शेवटी प्रिंटरचा नाद सोडला आणि हातकागदाच्या आठ पत्रिका मी हातानेच लिहिल्या, बोरूच्या वळणाचे निब लावून. एक देवीची, एक भटजींची, बाकी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसांच्या. ८० लिहिणे मात्र माझ्याच्याने झाले नसते.

तिसरा आयव्हरी, २१० जीएसएम, सात रुपये. दिसायला साधा, किंचित पिवळसर पांढरा. दुकानात पहिल्यांदा मी त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. बाकीच्या सगळ्या पत्रिका याच्याच झाल्या. जाडी घरच्या प्रिंटरला झेपत नव्हती, म्हणून रंगीत झेरॉक्सवाल्याकडे नेला. त्याच्या यंत्राला जाड कागदासाठी वेगळा ट्रे असतो आणि त्यात कागदाची जाडी सांगता येते. ती सांगितली की यंत्र उष्णता त्याप्रमाणे देते. हे त्याला आपण होऊन सांगा, नाहीतर तो साध्या कागदाच्या मापावर काढून मोकळा होतो. एका ए-फोरमधून दोन पत्रिका, एकही अक्षर सुटले नाही, कुंकू नीट बसले. एवढेच बघा की आयव्हरी म्हणून एका बाजूला लेप दिलेला कागदही विकतात. दोन्ही बाजूंवर बोट फिरवून पाहावे. मी तर आता कुंकवाची डबीच पर्समध्ये घेऊन जाते.

वजनाचा हिशेब मी उशिरा केला, तुम्ही आधी करा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, आणि ए-फोरचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ३०० जीएसएमचा अख्खा कागद जवळजवळ १९ ग्रॅम. त्यावर पाकीट चढले की २० ग्रॅम ओलांडले आणि तिकीट पाच रुपयांवरून दहावर गेले. माझी अर्ध्या कागदाची आयव्हरी पत्रिका सात ग्रॅमच्या आत बसली. बेळगाव, पुणे, दादर मिळून २२ पाकिटे पाठवली, सगळी पाचाच्या तिकिटावर.

आता आमच्या पावसाचे. आयव्हरीचे कागद दुकानातून आणून दोन दिवस टेबलावर उघडे ठेवले तर पन्हळीसारखे वळले. ओल धरलेला कागद प्रिंटरच्या उष्णतेत गेला की आणखी वळतो आणि अडकतो. मग मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दोन पाटे... म्हणजे पाटावरवंट्यातले नव्हे, बसायचे पाट ठेवले. छपाईच्या दिवशीच पिशवी उघडली. घडीची पत्रिका करणार असाल तर कागदाचा एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करून बघा. तो वळून नळी होते, तिची लांबी ज्या दिशेला तीच कागदातल्या धाग्यांची दिशा, आणि घडी त्याच दिशेने घालावी. आडवी घातली की घडीची कड तडकते. माझ्या पहिल्या सहा तशाच वाया गेल्या.

खर्च आयव्हरीचा सगळा मिळून झेरॉक्ससकट मोतिया कागदाच्या नुसत्या किमतीच्या जवळपास गेला, म्हणजे मोतियाचे ७०० रुपये पाण्यात. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला, आणि पाकीट फोडलेले होते म्हणून मीही फार बोलले नाही. उरलेले ४० कागद भाचीने शाळेच्या हस्तकलेला नेले. काल तिचा फोन आला होता, "आत्ये, ह्या कागदावर स्केचपेन पण वाळत नाही."