मळीच्या पंपाचे मेकॅनिकल सील: उद्यमनगरातील एका कार्यशाळेच्या कामाचा अभिप्राय

आमच्या साखर कारखान्यात बी-हेवी मळी (अजून बरीच साखर शिल्लक असलेली मळी) डिस्टिलरीकडे पाठवणाऱ्या गिअर पंपाचे मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारी, एकमेकींवर टेकून फिरणाऱ्या दोन सपाट रिंगांची जोडी, मागच्या हंगामात तीन वेळा गेले. प्रत्येक वेळी नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडून ते घासून आणले, बसवले आणि काही आठवड्यांतच ग्लँडखाली (सील धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली) पुन्हा काळी चिकट धार लागली. म्हणून यंदा गाळपापूर्वी हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील, फक्त सीलचेच काम करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेकडे दिले. हंगाम पूर्ण झाल्यावर हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की त्यांनी सील हातात घेण्याआधी पंप कसा बंद करता, असे विचारले. सील उघडल्यावर या प्रश्नाचा अर्थ कळला. कार्बन रिंगच्या कडेचे टवके उडाले होते आणि स्प्रिंगच्या मागे साखरेचा तपकिरी, काचेसारखा कडक थर बसला होता. पंप थांबला की दोन फेसमधली (रिंगांच्या एकमेकींना टेकणाऱ्या पृष्ठभागांमधली) मळी सुकते, फेस एकमेकांना चिकटतात आणि मोटर सुरू करताच तो जोड झटक्याने सुटताना कार्बन फुटतो. म्हणजे आमचे सील चालताना नव्हे, तर सुरू होताना मरत होते.

त्यांनी कार्बनऐवजी दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे दिले आणि अशी जोडी मधे द्रव नसताना कोरडी चालली तर क्षणात तडकते, हेही तितक्याच स्पष्टपणे बजावले. लॅपिंगनंतर (बारीक पूड वापरून घासून सपाट केल्यावर) फेसवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अचूक सपाट काच, ठेवून तो आमच्यासमोर एकरंगी दिव्याखाली धरला. रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की फेस सपाट; हेलियमच्या प्रकाशात अशा एका पट्ट्याचा फरक म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन. जुन्या दुरुस्तीवाल्याने घासून दिलेला, अजून न वापरलेला एक फेस मी सोबत नेला होता. डोळ्यांना तो आरशासारखा दिसत होता, पण त्याच दिव्याखाली त्यावर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे उमटली. आम्ही वर्षभर चकाकीचे पैसे देत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटले.

ओ-रिंगबाबतही (सीलमधल्या रबरी गोल कड्यांबाबतही) त्यांनी आमची समजूत दुरुस्त केली. महाग ते चांगले, असे समजून आम्ही व्हायटॉन हे रबर वापरत होतो. परंतु गरम पाणी आणि कॉस्टिकची (कॉस्टिक सोड्याची) धुलाई असलेल्या ठिकाणी ईपीडीएम हे दुसरे रबर अधिक टिकते. मात्र त्याला खनिज तेल चालत नाही, ते फुगते. आमच्या फिटर मंडळींची रिंगला मशीन ऑइल लावून बसवण्याची सवय त्यामुळे मोडावी लागली; आता सिलिकॉन ग्रीसची ट्यूब सीलच्या खोक्यातच ठेवतो.

सर्वांत उपयोगी ठरली ती क्वेंचची, म्हणजे सील बाहेरून धुणाऱ्या पाण्याची, जोडणी. सीलच्या हवेकडच्या बाजूला कमी दाबाने गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) सोडले की बाहेर झिरपलेली साखर तिथेच विरघळून जाते. पंप सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे हे पाणी सोडायचे, मग शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा आणि तो मोकळा फिरला तरच बटण दाबायचे. शाफ्टचा रनआउटही (फिरताना तो मध्यापासून किती डुलतो तेही) त्यांनी डायल लावून तपासला आणि बेअरिंग बदलल्याशिवाय सील बसवण्यास चक्क नकार दिला. त्यात आमचे दोन दिवस गेले. तेव्हा राग आला होता, पण त्यांचेच बरोबर होते.

यंदाचा हंगाम एकाच सीलवर निघाला.

उणिवाही सांगतो. काम हाती मिळायला नऊ दिवस लागले, त्यामुळे ऐन गाळपात यांच्यावर अवलंबून राहायचे तर एक तयार सील भांडारात हवेच. तपासणी अहवाल व्यवस्थित असतो, पण तो इंग्रजीत असतो आणि जो फिटर रात्रपाळीत एकटा पंप उघडतो त्याच्या तो कामाचा नाही. बसवण्याच्या सूचना आणि स्प्रिंगचे सेटिंग माप मराठीत, एका पानावर द्यावे, असे मी त्यांना कळवले आहे. तोपर्यंत आम्ही ते माप पंपाशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवले आहे.