सोलापूरच्या उन्हात ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २०१४ची स्विफ्ट, १.२ लिटर पेट्रोल. तेल बदलले तेव्हा मीटरवर ९१ हजार किलोमीटर. त्याआधी तीनेक वर्षे गॅरेजच्या बॅरलमधले २०डब्ल्यू-४० मिनरल (खनिज तेलापासूनचे साधे) पडत होते. ऑक्टोबरात ते काढून ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेले) भरले. ग्रेडमध्ये 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड तेलाच्या दाटपणाचा, नंतरचा गरम तेलाच्या; आकडा लहान तेवढे तेल पातळ. तेव्हापासून थंडी, उसाचा हंगाम आणि अख्खा उन्हाळा मिळून साडेसात हजार किलोमीटर झाले. निम्मे गावातच, जुळे सोलापूर ते नवी पेठ अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांचे. बाकीचे तुळजापूर, अक्कलकोट आणि मधूनमधून पुणे. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही. एकाच ग्रेडची, एकाच एपीआय वर्गाची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला दर्जा) दोन अस्सल तेले स्टिअरिंगवर बसलेल्याला वेगळी ओळखू येत नाहीत. ग्रेडमधला फरक मात्र कळतो.

"मालक, आपल्याकडच्या उन्हाला पातळ तेल टिकत नाही बगा." होटगी रोडपासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे ऐकायला मिळते. सांगणारा फसवत नसतो, पण हिशेब चुकतो. बाहेर १५ अंश असोत की ४३, कूलंटचे तापमान थर्मोस्टॅट आणि फॅन मिळून ९०च्या आसपास धरून ठेवतात. तेल त्याच्या थोडे वर, हायवेवर शंभरी ओलांडून. मे महिन्यात इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर थोडा जास्त तापतो हे खरे, पण ३० ग्रेडला १५० अंशांवरही किमान दाटपणा राखावाच लागतो. तशी चाचणी ग्रेडच्या व्याख्येतच आहे. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) आणि ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. म्हणजे गरम इंजिनात दोघांचे अंतर लोक समजतात तेवढे मोठे नाही.

अंतर मोठे दिसते ते इंजिन थंड असताना. तेलाच्या डेटाशीटवर दाटपणाचा दुसरा आकडा ४० अंशांचा असतो. प्रयोगशाळेतले ४० अंश म्हणजे आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सावलीत उभी केलेली गाडी! त्या तापमानाला ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक्स भरते आणि २०डब्ल्यू-४० त्याच्या जवळपास दुप्पट. डिसेंबरात पहाटे १५ अंशांवर ही तफावत आणखी वाढते. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, तो बर्फाळ मुलखासाठी, आपल्याला त्याचे काय, असे म्हणतात; पण १०० अंशांच्या खालचे सगळेच तेलाला थंड. गावातल्या पाच किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते गरम होण्याआधीच गाडी दारात लागते.

वापरात सर्वांत ठळक बदल सकाळच्या पहिल्या स्टार्टला. रात्रभर उभ्या गाडीत २०डब्ल्यू-४० असताना वरून दोन-तीन सेकंद खडखड यायची. तेल वर चढून चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) आणि व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायला लागणारा तो वेळ. आता जेमतेम सेकंदभर. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थोडी मोकळी पळते. या इंजिनात व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा आहे. व्हॉल्व्हचे टायमिंग ती तेलाच्या दाबावरच पुढे-मागे करते, म्हणून दाट तेलात तिचे काम सुस्त होते. अॅव्हरेज टाकी-टू-टाकी मोजून लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर वाढले. पण एसी, टायरची हवा आणि पंपावर किती भरले यातच तेवढी तफावत येते, तेव्हा अॅव्हरेजसाठी हा खर्च करू नये.

खटकलेली गोष्टही आहे. पुण्याहून सलग येऊन गाडी उभी केली की आयडलवर टॅपेटची टिकटिक आधीपेक्षा जास्त ऐकू येते. दाट तेल आवाज दाबते, म्हणून कित्येकांना जुनेच बरे वाटते. तेल खाण्याचे म्हणाल तर साडेसात हजारात, मध्ये एकदा तेल बदलले ते धरून, पातळी एकूण डिपस्टिकच्या वरच्या खुणेपासून पाव अंतर उतरली. या वयाच्या इंजिनाला तेवढे चालते. रंग मात्र दोन हजारातच काळपट. त्याने घाबरू नये, काजळी स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे.

कॅन घेताना ग्रेडच्या खाली एपीआयचा वर्ग वाचा. एसएन २०१०चा, एसपी मे २०२०चा. एसपीमध्ये टायमिंग चेनची झीज तपासणारी चाचणी आहे, तेव्हा चेनच्या इंजिनाला एसपी किंवा त्याच्या नंतरचा वर्गच घ्यावा. 'फुल सिंथेटिक' हे शब्द त्यानंतर.

आता प्रत्यक्ष बदल, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करा, फार तापवू नका. गाडी सपाट जागी रॅम्पवर किंवा स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. वरचे झाकण काढून मग ड्रेन बोल्ट सोडा आणि पंधरा मिनिटे निथळू द्या. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी बोल्ट करकचून आवळतात आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. या गाडीला ३५ न्यूटन-मीटर पुरतात.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून तर राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की तपासताना काही दिसत नाही, आणि हायवेवर दाब चढला की सगळे तेल काही मिनिटांत रस्त्यावर. नव्या रिंगेला नवे तेल चोळा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पाऊण फेरा. पाना नको.

फिल्टरसह या इंजिनात ३.१ लिटर बसते. आधी २.८ भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटे थांबा आणि डिपस्टिक बघत उरलेले घाला. गॅरेजात बॅरलच्या मापाने सरळ साडेतीन लिटर ओततात, 'जास्त असलेले बरे' म्हणून. ते बरे नव्हे. पातळी फार वर गेली तर क्रँकशाफ्ट तेल घुसळते, फेस होतो आणि पंपाला तेलाऐवजी हवा मिळते.

मिनरलवरून सिंथेटिकवर येताना सील गळतात ही भीती जुन्या काळातली. मात्र आत गाळ साचलेला असेल तर नवे तेल तो धुते आणि गाळाने बुजलेली गळती उघडी पडते. इथे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तिसऱ्या महिन्यात ओलावा दिसला. पॅकिंग बदलले आणि थांबला. फ्लश (जुने तेल काढण्याआधी आतला गाळ धुणारे रसायन) टाळलाच. एवढ्या किलोमीटरच्या इंजिनात गाळाचे खपले सुटून खालच्या जाळीत अडकले तर पंप उपाशी राहतो. त्याऐवजी पहिले तेल ५ हजारावर फिल्टरसकट काढले. पूर्ण पल्ला त्यापुढच्या तेलाला: १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडी फक्त गावातल्या फेऱ्यांचीच असेल तर सहा महिने. अशा गाडीत पावसाळ्यात झाकणाखाली साय दिसते. ती बहुधा न उडालेल्या पाण्याची. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासा.

सोलापुरात तेलाचा खरा शत्रू उन्हापेक्षा धूळ. उसाच्या ट्रॉल्यांमागून मोहोळ-पंढरपूर केलेल्या गाडीचा एअर फिल्टर एकदा उघडून बघा. काळ्या मातीची ती पूड फिल्टरच्या कडेने आत शिरली तर कुठल्याही ग्रेडचे तेल तिच्यापुढे हतबल. फिल्टर ५ हजारावर काढून आतून बाहेर हवा मारा, उलट नाही. १५-२० हजारावर सरळ नवा.

गाडी दीड लाखाच्या पुढची, हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल खाणारी असेल तर हा बदल नको. तिथे हँडबुकात चालत असेल तर ४० ग्रेडच ठेवावे. उलट, अलीकडच्या ज्या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सांगितले आहे त्यांत 'आपल्याकडे ऊन' म्हणून ४० ओतणे म्हणजे इंजिन उगाच जड करणे.

खर्च मिनरलच्या जवळपास दुप्पट. साडेतीन लिटरचा कॅन घेतला तर ४०० मिली उरते. तेवढे टॉप-अपला वर्षभर पुरते, फक्त बूच घट्ट लावून सावलीत ठेवा. काढलेले काळे तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याला ओतू नका, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि रिकामा कॅन भंगारवाल्याला देण्याआधी तळाशी भोक पाडा, नाहीतर तोच कॅन भलतेच तेल आणि नवे सील घेऊन पुन्हा दुकानात दिसतो.